धारांच्या वेळेची सभा

"तिबुर्सिओ, डोकं ठिकाणावर आहे ना तुझं?" मी विचारलं.

तो खाली मान घालून बूट चढवत होता. दाराशी त्याची बॅग भरून ठेवलेली. एकोणीस वर्षं आमच्या विस्कॉन्सिनच्या गोठ्यावर काढली त्यानं, पण या देशात राहायचे कागद म्हणाल तर एकही नाही. बिनकागदाच्या माणसाला गावातल्या कुठल्याच गोठ्यावर ठेवायचं नाही, असा ठराव आज गावसभेत यायचा होता. तो मंजूर झाला की पहाटे हा निघणार. आणि ठराव मांडणाऱ्या डेलमारच्याच साठ गाईंच्या धारा काढायला स्वारी चालली होती!

झालं होतं असं, की ठरावाची कुणकुण लागताच डेलमारचे दोन्ही गडी, तेही बिनकागदाचेच, पसार झाले. त्यात सभा पाचला, ऐन धारांच्या वेळी ठेवलेली. कुठल्या शहाण्यानं ठेवली देव जाणे. शेवटी डेलमारच्या बायकोनं, ट्रूडीनं, गुपचूप मला फोन केला. माणूस मिळालाय एवढंच तिनं नवऱ्याला सांगितलं आणि त्यानंही पुढं विचारलं नाही.

"मालकीणबाई, गाईंनी कुठं ठराव मांडलाय?" तिबुर्सिओ म्हणाला. "कास तटतटली की दुखतं त्यांना."

आमच्या गाई मग माझ्या नवऱ्याच्या, ऑर्व्हिलच्या गळ्यात पडल्या. त्याला पाहून निम्म्या तर पान्हाच चोरतात. त्याच्या शिव्या ऐकतच मी गाडी काढली.

सभेत डेलमार चांगला बोलला, खोटं कशाला सांगू? ही माणसं कमी पगारावर राबतात म्हणून आपल्या पोरांना धड पगार मिळत नाही, म्हणाला. त्यात अगदीच तथ्य नव्हतं असं नाही. पण त्याचाच पुतण्या आमच्याकडे कामाला दोनच दिवस टिकला होता. पेंडवाला म्हणाला, ही माणसं गेली तर गोठे बंद पडतील, मग मी पेंड कुणाला विकू?

मला राहवेना. मी उभी राहिले.

"डेलमार, साडेपाच वाजले. तुझ्या गाईंच्या धारा कोण काढतंय?"

त्यानं बायकोकडे पाहिलं.

"तिबुर्सिओ," ट्रूडी शांतपणे म्हणाली.

मागं कुणीतरी फिस्सकन हसलं. मग जो तो आपल्या बुटांकडे बघू लागला, कारण घरी प्रत्येकाच्याच गाईंपाशी कोणी ना कोणी तिबुर्सिओ होता. ठरावाच्या बाजूनं हात वर करायला सांगितल्यावर भरल्या सभेतून मोजून नऊच हात वर गेले. डेलमारचे दोन्ही हात मांडीवरच्या टोपीवरच राहिले. घरी येईपर्यंत मी गाडीत एकटीच हसत होते, आणि डोळेही पुसत होते.

तिबुर्सिओ रात्री आठला आला. ठराव पडला, मी सांगितलं. त्यानं मान डोलावली, हात धुतले.

"डेलमारच्या चांदवाल्या गाईच्या मागच्या सडाला गाठ आहे," तो म्हणाला. "सकाळी शेकायला सांगा."

मग बॅग उघडून त्यानं आपले बर्फातले जाड बूट काढले आणि दाराशी, ऑर्व्हिलच्या बुटांशेजारी, नीट जोडून ठेवले.