दिवा लागते, दिसत नाही

शफीकनं लॅपटॉप स्वतःकडे वळवला आणि पडद्यावर आपलं तोंड शोधलं. तोंड नव्हतं. काळा चौकोन होता, आणि वरच्या पट्टीत कॅमेऱ्याशेजारचा पांढरा दिवा मात्र इमानदारीनं जळत होता.

“दिवा लागते,” उज्ज्वला म्हणाली, “पन दिसत काहीच नाही, चाचा.”

शफीकनं दुरुस्तीच्या काउंटरवरच्या जाड रजिस्टरमध्ये ते थोडक्यात उतरवलं. रजिस्टरला दोन रकाने होते: ‘गिऱ्हाईक काय म्हणते’ आणि ‘काय निघालं’. अकरा वर्षांत हे दोन रकाने एकमेकांशी फारसे जुळले नव्हते. ‘आपोआप बंद पडला’ यासमोर चहा निघाला होता, मुंगळे निघाले होते, आणि एका मास्तरांच्या बाबतीत मास्तरीणबाईंचा राग निघाला होता. माणसं यंत्राबद्दल खोटं बोलत नाहीत, घराबद्दल बोलतात, असं शफीकचं मत होतं. आणि वाशीमच्या पाटणी चौकामागच्या त्या गल्लीत ते अजून कोणी खोडून काढलेलं नव्हतं.

काउंटरवर उज्ज्वलाचा फोन स्पीकरवर होता. पलीकडे तिच्या पुण्याच्या कंपनीतला नवीन नावाचा मुलगा, तिथूनच तिच्या लॅपटॉपचा ताबा घेऊन बसलेला. पडद्यावरचा बाण कोणी हात न लावता इकडून तिकडे पळत होता.

“मॅडम, ड्रायव्हर काढून परत टाकलाय. आता बघा.”

“काळंच आहे सर.”

“परवानग्या सगळ्या चालू आहेत. यादीतही कॅमेरा दिसतोय. लेन्स पुसून बघितली ना?”

“दोनदा पुसली.”

“बाहेरचा कॅमेरा लावता आला असता, पण कंपनीच्या मशीनला तो चालत नाही, बंद करून ठेवलंय. मॅडम, माझ्या हातात असतं तर… दोन वाजेपर्यंत चेहरा नाही आला तर आयडी आपोआप बंद होतो. मग मशीन परत मागवतात आणि काम दुसऱ्याला जातं. सलग तीन दिवसांचा नियम आहे, आजचा तिसरा.”

भिंतीवरच्या घड्याळात सव्वा वाजला होता.

काम म्हणजे बँकेच्या गिऱ्हाइकांची कागदपत्रं तपासायची. पोहरादेवीजवळच्या तांड्यावर, घराच्या मागच्या खोलीत, दार लावून. रोज बसताना कॅमेऱ्यात चेहरा दाखवायचा, की हजेरी लागली. घरात महिन्याला ठरून येणारं एवढंच होतं. हे उज्ज्वलानं सांगितलं नाही. दाराजवळच्या स्टुलावर पाय वर घेऊन बसलेल्या तिच्या सासूनं, कमलीबाईनं, आल्या आल्या साऱ्या गल्लीला ऐकू जाईल असं सांगून टाकलं होतं.

“माहा पोरगा इंद्रभान वारल्याले दोन वर्सं झाले, बापू. तवापासून हेच डब्बं घर चालवते. मले तं ते पसंत नाही. दिवसभर दार लावून त्याच्याशीच बोलते ते. आमच्याशी बोलाले तिले टाइम नाही.”

“याडी,” उज्ज्वला वळून हळूच म्हणाली. सासूला ती आईच म्हणायची, बंजाऱ्यांच्या बोलीत.

“कायले चूप बसू? खोटं हाय का?”

शफीकनं चष्म्यावरून म्हातारीकडे पाहिलं. एका डोळ्यात मोतीबिंदूची साय, दुसरा मात्र दुकानातली एकेक वस्तू मोजत होता. सून नोकरीची, सासूला यंत्र पसंत नाही, आणि यंत्राचा डोळा गेलेला. मनातल्या मनात त्यानं दुसरा रकाना अर्धा भरून टाकला.

“साहेब,” तो फोनला म्हणाला, “दिवा लागून राह्यला म्हणजे कॅमेरा जागा हाय. जागा असून दिसत नाही, तं डोळ्यापुढं काहीतरी हाय. तुमी तिकून लाख बटना दाबा, ते इथीच पाहा लागते.”

“स्क्रू उघडू नका हां. सील आहे.”

“सील राहू द्या तुमचं.”

त्यानं टेबलावरचा दिवा खाली ओढला आणि उजेड तिरपा पाडला. असा उजेड पडला की कॅमेऱ्याची काच माशाच्या डोळ्यासारखी लकाकते. ही लकाकली नाही. काळ्या पट्टीवर काळा ठिपका, बाजरीच्या दाण्याहून थोडा मोठा, पण मखमलीसारखा निस्तेज. शफीकनं करंगळीचं लांब नख त्याच्या कडेला लावलं. ठिपका निघाला आणि नखावर येऊन बसला.

पडद्यावर एकदम दुकान उजळलं. लोंबत्या वायरी, भिंतीवरचं घड्याळ आणि त्यांच्यापुढं शफीकची पांढरी दाढी.

“आलं! आलं!” फोनमधला नवीन ओरडला. “काय केलंत काका?”

नखावर टिकली होती. काळी, बारीक, पाकिटात पंधरा-वीस येतात त्यातली. त्यानं वर पाहिलं. उज्ज्वलाचं कपाळ कोरं होतं. पण दोन भुवयांच्या मधोमध त्वचेचा एक इवलासा गोल जरा निराळा होता, रोज तिथं काहीतरी चिकटतं आणि निघतं तसा.

उज्ज्वलानं त्याच्या नखाकडे पाहिलं. मग मागे न वळता दाराकडे कान दिला.

“कचरा होता साहेब,” शफीक फोनला म्हणाला, आणि त्यानं मूठ मिटली. “तांड्यावरची धूळ.”

“पण पुसली होती ना?”

“पुसल्यानं निघते तं मी उपाशी मेलो असतो.”

फोन बंद झाला. उज्ज्वला काउंटरवर वाकली. आवाज एवढा लहान की शफीकला ओठच वाचावे लागले.

“मी तिथी नाही लावत, चाचा. कपाळावरची काढली का मी कोपऱ्यात लावते. डाव्या. आरशाले लावतो तशी. कार्डावरच्या फोटोत कपाळावर होती… म्हणून सुरू ठेवली. माहा नवरा गेल्याचं तिकडं पुण्यात कोनाले काही माहीत नाही. दार उघडाच्या आधी काढून ठेवते. तीन दिवसांआधी दिसली नाही. मले वाटलं, पडली कुठीतरी. दुसरी घेतली.”

म्हणजे कोणीतरी उचलली आणि नेमकी डोळ्यावर दाबली. शफीकनं दाराकडे पाहण्याचं टाळलं. मागच्या दोन-अडीच हजार नोंदींचा माणूस तो. घराघरांतल्या अशा करामती त्यानं पाहिल्या होत्या. कोणी चार्जर लपवतं, कोणी पाणी सांडतं. टिकलीची करामत नवी होती, एवढंच.

“अंदर जा,” तो म्हणाला. “पडद्यामागं बस. तिथी कोनी येत नाही. मोबाइलचं नेट लाव अन् दाखव तोंड.”

ती लॅपटॉप उचलून आत गेली. जाताना तिचा हात पर्सच्या आतल्या कप्प्याकडे गेला, हे शफीकनं पाहिलं आणि पाहिलं नाही.

दुकानात दोघंच उरली. कमलीबाई स्टुलावरून उतरली आणि काउंटरशी येऊन उभी राहिली. बांगड्यांनी भरलेले हात तिनं काचेवर ठेवले. काच वाजली.

“काय निघालं?”

“कचरा, माय.”

“काळा व्हता का?”

शफीकनं पेन खाली ठेवला.

“मुठीत काय हाय ते दाखव.”

त्यानं मूठ उघडली. म्हातारीनं चांगला डोळा तळहाताशी नेला.

“हेच,” ती म्हणाली. “झाडू मारून राह्यली व्हती मी. डब्बं उघडं व्हतं, सून न्हानीत गेली व्हती. बटनाईवर पडेल दिसली मले. म्हटलं, आता ते येईन, जाग्यावर दिसली नाही तं तिले वाटन याडीनं फेकली. म्हून मी वापस लावली.” तिनं हवेत बोटानं दाखवलं. “वरतं मधात एक गोल निशान व्हतं. मले वाटलं, रोज तिथीच लावते. अंगठ्यानं चांगली दाबली, पुन्हा पडू नाही म्हून.”

गल्लीतून एक ऑटो गेला, मग दुसरा.

“म्हंजे ते टिकली लावते, तुमाले माहीत हाय?” शफीकनं विचारलं.

“दार उघडते तं कपाळ कोरं असते. पन निशान रायते ना, बापू. एक डोळा गेला माहा, दोन नाही गेले.” ती पदर सावरत म्हणाली. “तिनं सांगतलं नाही, मी इचारलं नाही. तांड्यातल्या बायाईच्या तोंडाले कोन लागते? म्हून मी दाराबाहेरच बसतो. कोनी आलं तं खोकलतो.”

आत पडद्यामागून यंत्राचा टिंग असा आवाज आला, आणि मग उज्ज्वलाचा, तांड्यावरचा नव्हे, नोकरीतला स्वच्छ आवाज: “गुड आफ्टरनून सर. हो, दिसतंय आता.”

म्हातारीनं ऐकलं. काचेवर टकटकणारी तिची बोटं थांबली.

“टिकलीची जागा कोनती हाय मंग?”

शफीकनं दुरुस्तीला आलेला दुसरा एक लॅपटॉप पुढं ओढला आणि झाकण उघडून डावा कोपरा दाखवला. कमलीबाईनं त्या कोपऱ्यावर अंगठा फिरवला, धान्य पाहतात तसा. मग वरच्या मधल्या गोलाला, जरा लांबूनच, बोट दाखवलं.

“अन् हा डोळा.”

“हा डोळा.”

“कोपऱ्यात लावली तं मशीन बिघडत नाही ना?”

“नाही बिघडत, माय.”

“पक्कं?”

“काहीच बिघडत नाही.”

तिनं त्याच्या तळहातावरची टिकली चिमटीत घेतली आणि आपल्या मनगटावर दाबून पाहिली. गोंद गेला होता. टिकली काचेवर पडली.

आत खुर्ची सरकली. उज्ज्वला लॅपटॉप पिशवीत घालत बाहेर आली. कपाळ कोरं, आणि मधोमध नुकताच उमटलेला गोल. “झालं चाचा,” ती म्हणाली, “लागली हजेरी.” मग सासूला काउंटरशी उभी पाहून पावलं अडखळली. शफीकनं रजिस्टर ओढून काचेवर, टिकलीवर, आडवं ठेवलं.

“चाला याडी. मानोऱ्याची गाडी सापडन.”

“गाडी काय पळून चालली?” कमलीबाई पायरी उतरत म्हणाली. मग शफीककडे वळून, गल्लीला ऐकू जाईल अशा त्याच आवाजात, “बापू, इथी कटलरीचं दुकान कोन्या अंगाले हाय?”

“डाव्या हातानं. तिसरं.” त्या दुकानाबाहेर बांगड्या आणि टिकल्यांची पाकिटं लटकत असायची.

“तुमाले काय पाह्यजे कटलरीतून?” उज्ज्वलानं विचारलं.

“तुले काय करा लागते? तू डब्बं सांभाळ.”

दोघी डाव्या हाताला वळल्या, म्हातारी पुढं. शफीकनं रजिस्टर उघडलं. पहिल्या रकान्यात लिहिलेलं होतं: दिवा लागते, दिसत नाही. दुसऱ्यासाठी मनाशी अर्धं ठरवलेलं त्याला आता आठवायचंही नव्हतं. पेनाचं टोपण त्यानं दोनदा लावलं, दोनदा काढलं. मग बारीक अक्षरात लिहिलं, ‘जागा चुकली’, आणि चुकली कोणाची, ते लिहिलं नाही.