दूध हिंदकळू न्हाय

मित्रांनो, सोनारीच्या दूध संस्थेमागे पत्र्याची एक शेड आहे. पेंडीच्या रिकाम्या पोत्यांआड तिथे एक गंजलेली मोटारसायकल उभी असते आणि तिच्या सावलीत एक कोंबडी अंडी घालते. ती मोटारसायकल म्हणजे मीच. माझ्याकडे बघून कुणाला खरे वाटणार नाही, पण एकेकाळी माझ्यासाठी सारा परंडा टाळ्या वाजवत होता.

बहात्तरच्या दुष्काळाने गावाला चांगलेच शहाणे केले. नुसत्या शेतीवर विसंबून चालत नाही म्हणून दारोदार म्हशी आल्या, दूध संस्था निघाली, आणि गावचे दूध परंड्याच्या डेअरीत पोचवायला मला आणले गेले. काळभैरवाच्या देवळापुढे माझ्यावर नारळ फुटला. हँडलला लिंबू-मिरची बांधली. मग संस्थेचे चेअरमन नानासाहेबांनी माझी किल्ली दूध पोचवणाऱ्या लिंबाजींच्या हातात दिली. माझ्या दोन्ही बाजूंना दुधाचे कॅन लटकू लागले.

रस्ता म्हणजे नावाला रस्ता. खडक, मुरूम आणि मध्ये ओढ्याची वाळू. माझ्या हिसक्यांनी कॅनमधले दूध घुसळून निघायचे आणि वर लोण्याचे कण तरंगायचे. मग डेअरीत दुधाची फॅट कमी लागायची, भाव पडायचा आणि गावातल्या बायका लिंबाजींना विचारायच्या, की वाटेत ताक करत जाता का? बिचारे लिंबाजी हसून घ्यायचे. पण घरी मुलीला गाडी शिकवताना त्यांनी एकच मंत्र दिला, "गाडी हिंदकळू दे, चांगुणा. दूध हिंदकळू न्हाय."

चांगुणा त्यांची थोरली. तिने हा मंत्र शब्दशः घेतला. खडक आला की ती सीटवरून उठायची, गुडघे सैल सोडून फूटरेस्टवर उभी राहायची. खाली मी वेडीवाकडी उसळायची, पण तिचा भार माझ्यावर आदळायचा नाही. माझे हिसके निम्मे व्हायचे. कॅनमधले दूध झोपलेल्या लेकरासारखे शांत राहायचे.

एका उन्हाळ्यात लिंबाजी ओढ्यात घसरले. माझा नुसता आरसा फुटला, त्यांचा मात्र पाय मोडला. दुसऱ्या दिवशी दूध तर आलेच होते. ते नासू द्यायचे का? चांगुणाने कॅन अडकवले आणि किक मारली. त्या दिवशी डेअरीत फॅट इतकी जास्त लागली, की तपासणाऱ्याने नमुना पुन्हा घेतला.

तिची आई, कस्तुराबाई, रोज उंबऱ्याशी उभी असायची. तिने जुन्या लुगड्याचा पंजाबी ड्रेस शिवून दिला होता, पण ओढणीची तिला भारी धास्ती. ओढणीचे टोक चेनमध्ये अडकले तर? म्हणून ती रोज पुढे यायची, ते टोक मुलीच्या कमरेला घट्ट खोचायची आणि मागे सरायची. मी वळणावर दिसेनाशी होईपर्यंत तिचा हात छातीवरून खाली येत नसे. मित्रांनो, असे हात मी पुष्कळ दारांत पाहिले आहेत.

गावात कुजबुज होतीच. पोरगी गाडीवर उभी राहते म्हणजे काय! नानासाहेबांनी बापाचा पाय बरा होईपर्यंत म्हणून परवानगी दिली होती, पण तीही जिवावर येऊन.

त्याच सुमारास पाऊस पुन्हा रुसला आणि परंड्याजवळचा तलाव आटला. त्या कोरड्या तळात सोलापूरच्या एका मोटार क्लबाने शर्यत ठेवली. वाळू, भेगाळलेली माती, दगड आणि शेवटी तलावाचा बांध. चांगुणाने नाव दिले. ऐकून नानासाहेब म्हणाले, "गाडी संस्थेची हाय. शर्यतीत पडलीस तर त्याच दिवशी किल्ली दुसऱ्याकडं." तिच्या आईने तर बोलणेच सोडले. शर्यतीच्या सकाळी पहिल्यांदाच ती उंबऱ्याशी आली नाही. चांगुणाने ओढणी स्वतःच खोचली, दूध डेअरीत उतरवले आणि मला तलावाकडे वळवले.

सकाळच्या चाचणी फेरीत आम्ही पडलो. कसे म्हणून सांगू? मला कॅनची सवय. रिकामी झाल्यावर माझे मागचे चाक वाळूत नाचू लागले आणि चांगुणा पुढे फेकली गेली. लोक हसले. नळदुर्गचा वीरभद्र, त्या भागातला पट्टीचा स्वार, जवळ येऊन म्हणाला, "ताई, दूध सांडलं का?"

चांगुणा कोपर चोळत उठली. तिने त्याच्याकडे बघितले आणि म्हणाली, "दूधच न्हवतं, म्हणून तर मी सांडले."

नानासाहेब किल्ली मागायला निघालेच होते. त्यांच्या आधी ती शर्यतीच्या संचालकांकडे गेली आणि गाडीला ओझे लावायला मनाई आहे का, असे विचारले. शर्यतीत ओझे कोण मागतो? तसा नियमच नव्हता. नानासाहेबांना ती एवढेच म्हणाली, की अजून एकदा पडले तर किल्ली मीच आणून देते. मग तिने दोन्ही कॅनमध्ये थोडी थोडी वाळू भरली, झाकणे दाबली आणि कॅन मला अडकवले. अख्खा बांध हसत होता. माझे चाक मात्र जमिनीला धरून बसले. मला माझी मी सापडल्यासारखे वाटले.

तेवढ्यात गर्दीतून कस्तुराबाई आली. एस.टी.ने आली होती, डोक्यावरचा पदर धुळीने माखलेला. ती मुलीला रागावली नाही की तिने तिला थांबवलेही नाही. धडपडीत सुटलेले ओढणीचे टोक तिने घट्ट खोचले, त्याला वरून गाठ मारली आणि म्हणाली, "आता जा."

झेंडा पडला. सगळे सीटवर दबून बसले, चांगुणा उभी राहिली. दगडांत इतरांच्या गाड्या आपल्याच स्वारांना उडवत होत्या. वाळूत वीरभद्राने ब्रेक दाबला आणि तो रुतला. आम्ही त्याच्या शेजारून गेलो. बांधाच्या चढावर माझा श्वास कोंडला, तेव्हा तिने माझ्या टाकीवर थाप मारली, जशी ओढ्यातून चढताना रोज मारायची. वर पोचलो तेव्हा आमच्या पुढे कुणीच नव्हते.

वीरभद्र मागून धापा टाकत आला आणि म्हणाला, "ताई, उद्यापासनं आमचंबी दूध तुमीच घाला." नानासाहेबांनी किल्ली परत मागितलीच नाही, त्या दिवशीही आणि नंतरही.

पुढे चांगुणा सोलापूरला धावली, पुण्याला धावली. हलक्या, नव्या गाड्या तिला मिळाल्या, कॅनची गरज उरली नाही. पेपरात तिचे फोटो आले. प्रत्येक फोटोत ती उभीच असे. मी इकडे दूध वाहत राहिले. मग संस्थेने टेम्पो घेतला आणि मला शेडमध्ये लोटले. त्यानंतर माझ्यावर कुणी फडकेसुद्धा फिरवले नाही.

परवा चांगुणा आली. सोबत तिची छोटी लेक. तिने माझी टाकी ओढणीने पुसली आणि लेकीला सीटवर बसवले. पोरीच्या फ्रॉकचा बंद खाली लोंबत होता, चेनच्या अगदी जवळ. एवढे बांध ओलांडणारी चांगुणा, पण तिचा चेहरा एकदम कस्तुराबाईसारखा झाला. तिने तो बंद झटकन वर खोचला. माझी चेन तर कित्येक वर्षांत फिरलेली नाही, मित्रांनो!

म्हणून सांगते, तुमच्या बहिणींना गाडीवर बसू द्या, उभ्याही राहू द्या. भीती वाटेल, वाटू द्या. फक्त निघण्याआधी ओढणीचे टोक खोचा आणि मग वाटेतून बाजूला व्हा. आणि जाता जाता जमले, तर माझ्या चेनला थेंबभर तेल सोडा. ती छोटी पोर पुन्हा येते म्हणाली आहे.