बाळंतिणींच्या वॉर्डातला हिरवा

माझी बायको काय करते, हे एका वाक्यात सांगायची वेळ आली की माझी पंचाईत होते. चित्रकार म्हणावं तर लोक लगेच वडिलांचा फोटो पुढे करतात, ‘याचं मोठं चित्र करून देतील का?’ शिल्पकार म्हणावं तर तिच्या हातात छिन्नीपेक्षा सुई जास्त वेळ असते. तिचं स्वतःचं उत्तर ‘मिश्र माध्यम’ असं आहे. ते ऐकलं की समोरचा मान डोलावतो आणि विषय बदलतो. मग मी सांगतो, ‘ती वस्तू जोडते.’ हे त्यातल्या त्यात खरं आहे.

आम्ही तिच्या आईवडिलांच्या घरी, त्यांच्यासोबत वरच्या मजल्यावर राहतो. खाली एक गॅरेज आहे, त्यात गाडी कधीच आली नाही. आधी त्यात सासऱ्यांचे रंगाचे डबे आणि शिड्या होत्या, आता बायकोचं सामान आहे. सकाळी सहाला ती डिंक उकळायला ठेवते आणि शेजारच्या शेगडीवर चहा. एकदा मी अर्धवट झोपेत चुकीच्या भांड्यात साखर घातली. ती चव बघून म्हणाली, “असू दे, चिकटपणा वाढेल.” ते कोणत्या भांड्याबद्दल होतं, हे मी विचारलं नाही.

मी गोदामात नोंदी ठेवणारा माणूस. काय आलं, काय गेलं, काय फुटलं, एवढंच बघायची डोळ्यांना सवय. घरात तीच सवय माणसांवर चालते. त्यामुळे मी खात्रीनं सांगू शकतो की लग्नाला अकरा वर्षं झाली, तेवढ्या काळात सासऱ्यांनी लेकीच्या कामाला एकदाच चांगलं म्हटलं, आणि तेही डिंकाला.

सासरे रंगारी. सगळा गाव त्यांना मिस्त्री म्हणतो. चाळीस वर्षं त्यांनी भिंती रंगवल्या. लेकीला ते ‘आर्टिस्ट’ म्हणतात, आणि त्या शब्दात जितका खवटपणा बसेल तितका बसवतात. “काय आर्टिस्ट, आज कुणाची बटणं तोडली?” आपला रंग मात्र ते कुणाला विसरू देत नाहीत. शहरातलं जुनं सरकारी इस्पितळ आतून हिरवं होतं, तो हिरवा त्यांचा. पाहुणा आला, नळ दुरुस्तीवाला आला, चुकून कुणी दुसऱ्याच्या घरचा पत्ता विचारायला आला, तरी त्याला तो हिरवा ऐकावा लागे. “तीन हात दिलेत. बाळंतिणींच्या वॉर्डात तर आरशासारखा होता. आजकालचे लोक दोन हात देतात आणि फोटो काढतात.”

सासूबाई तेव्हा जवळच असायच्या. काही बोलायच्या नाहीत. कांदा चिरत असल्या तर थोडा बारीक चिरायच्या.

ते इस्पितळ पाडायचं ठरलं आणि शेजारी नवं उभं राहिलं. नव्या इमारतीत शिरल्या शिरल्या जी भिंत दिसते, तिच्यासाठी दहा फूट रुंदीचं काम बायकोला मिळालं. अट एकच होती, सामान जुन्या इमारतीतलं हवं. पाडापाडी चालू असताना ती रोज डोक्यावर हेल्मेट घालून तिथे जायची आणि संध्याकाळी हातगाडी भरून आणायची. गंजलेल्या बिजागऱ्या, खाटांच्या नंबरांच्या पट्ट्या, उडालेल्या फरशीचे कपचे, आणि एक्सरेच्या शेकडो जुन्या फिल्म. त्या फिल्म तिनं गोधडीसारख्या शिवल्या. कुणाच्या बरगड्या कुणाच्या गुडघ्याला जोडलेल्या, आणि मागून उजेड टाकला की सगळं निळसर चमकायचं. मी एकदा त्यातली एक फिल्म सरळ केली. तेव्हापासून मला गॅरेजमध्ये हात खिशात ठेवून उभं राहायची परवानगी आहे.

कामाच्या मधोमध होता भिंतीचा एक तुकडा. बाळंतिणींच्या वॉर्डातला, मोठ्या परातीएवढा, गवंड्याकडून अख्खा कापून आणलेला. बायकोनं मशीननं त्याच्या पोटात खळगा घासला, आणि साठ वर्षांचे रंग एकाखाली एक उघडे पडले. वर पांढरा, मग गुलाबी, निळा, हिरवा, सायीच्या रंगाचा, आणि तळाला राखाडी. झाडाच्या बुंध्यातली वलयं असावीत तसे. बाकीचं सगळं काम त्या वलयांकडे धाव घेत होतं. टाके तिकडे वळलेले, बिजागऱ्या तिकडे तोंड केलेल्या. आठ महिने लागले.

या आठ महिन्यांत सासरे गॅरेजच्या दारात खुर्ची टाकून बसायला लागले. लेकीचं काम बघायला येत नव्हते, असं ते म्हणत. दुसऱ्यांच्या रंगांना नावं ठेवायला येत होते. “हा निळा बघ, कसा ओघळलाय. हा माणूस जेवून रंगवायला बसायचा आणि तिथेच झोपायचा.” हिरव्यावर बोट आलं की आवाज बदलायचा. “आणि हा आपला.”

भिंतीवर लावायला नऊ दिवस उरले होते. इस्पितळाचे इंजिनियर साहेब काम पाहायला आले. हसरा, बोलका माणूस. फिल्मच्या गोधडीपुढे पाच मिनिटं गप्प उभे राहिले, हे मी त्यांच्या बाजूला जमा धरलं. मग खळग्यात वाकून बघितलं आणि खो खो हसले.

“वा! भिंत खोटं बोलत नाही, बघा. सगळ्यांचे पट्टे बोटभर, आणि हा हिरवा बिचारा दोऱ्याएवढा! कुणीतरी एका हातात काम उरकून तीन हातांचं सांगितलेलं दिसतंय. मॅडम, हे असंच ठेवा. आमच्या कंत्राटदारांना रोज दाखवीन.”

सासरे तिथेच, दारात होते. साहेबांना ते कोण हे माहीत नव्हतं.

आता स्फोट होणार म्हणून मी एक पाऊल मागे सरलो. शेजारच्यानं गेटला लावलेल्या रंगाला ‘चॉकलेटी’ म्हटलं म्हणून याच माणसानं त्याच्याशी दोन वर्षं अबोला धरला होता. पण सासऱ्यांनी चष्मा काढला, पुसला, पुन्हा लावला. “ऊन वाढलं,” म्हणाले आणि खुर्ची उचलून आत गेले.

तीन दिवस ते खाली उतरले नाहीत. सासूबाईही बोलेनात. त्यांचं न बोलणं नवीन नव्हतं, पण या वेळी भांडी बोलत होती.

रविवारी दुपारी जेवताना बायको म्हणाली, “बाबा, तो तुकडा मी काढते.”

“काढ,” सासरे ताटात बघत म्हणाले.

“दुसरा आहे का पण?” मी विचारलं. नसावा हे मला माहीत होतं. इमारत आता मातीत गेली होती, आणि सगळे रंग असलेला तुकडा तो एकच.

“नाही. मधोमध भोक राहील. बघू काय करायचं ते.” तिनं हे इतक्या सहज म्हटलं की मला तिचा अभिमानही वाटला आणि रडूही आलं. आठ महिन्यांचं काम, आणि ते ज्या जागेकडे धावत होतं तीच जागा उपटायची. पण ठेवलं तर बापाचं नाव शहराच्या येण्याजाण्याच्या दारात टांगायचं, आणि खाली साहेबांचं हसू.

“काही काढायचं नाही,” सासूबाई म्हणाल्या.

आम्ही तिघांनी वर पाहिलं.

“तो रंग मी लावलाय. कुणाच्या सांगण्यावरून मी काढू देणार नाही.”

“तू?” बायको म्हणाली. “तू डबा घेऊन जायचीस ना?”

“जायचे. डबा यांच्या हातात द्यायचे आणि ब्रश घ्यायचे. त्या वॉर्डात बायका बाळंत व्हायच्या, तिथे पुरुष मजुराला कोण जाऊ देणार? खाटा एका भिंतीकडून दुसऱ्या भिंतीकडे सरकवत अकरा दिवस रंगवलं. हे बाहेर कॉरिडॉरमध्ये.”

सासऱ्यांनी घसा खाकरला. “कंत्राटदाराला म्हटलं होतं मी, आत माझा माणूस आहे म्हणून.”

“माणूस!” सासूबाई म्हणाल्या.

तेव्हा माझ्या डोक्यात हिशेब लागला. त्या दिवशी दारात सासरे गप्प का बसले, ते कळलं. ते त्या वॉर्डात गेलेच नव्हते. तीन हात दिले की एक, हे त्यांना स्वतःलाच ठाऊक नव्हतं. आणि विचारावं तर कसं? चाळीस वर्षं ‘माझा हिरवा’ म्हणून झालं होतं.

“मी काही म्हटलं का तुला?” ते हळूच म्हणाले.

“तेच तर. तो माणूस हसला आणि तुम्ही काहीच म्हटलं नाही.”

मग सासऱ्यांनी विचारलंच. “दिले होतेस का? तीन?”

“इतकी वर्षं छाती काढून सांगत होतात तेव्हा नाही विचारलंत.” त्या उठल्या, हात धुतले, पदर खोचला आणि खाली गेल्या. आम्ही मागोमाग.

गॅरेजमध्ये त्यांनी तुकड्यासमोर स्टूल ओढलं. “मशीननं केलंस ना हे? उभं कापलंस. उभं कापलं की पातळ रंग दिसतच नाही. आडवं सोलावं लागतं. बारीक पॉलिश पेपर दे, पाण्यातला. आणि लाकडाचा ठोकळा.”

माझी बायको आपल्या कामाला कुणाला बोट लावू देत नाही, हे मी सांगितलंच आहे. चुकलं तर दुसरा तुकडा नाही, हे ती जाणून होती. ती क्षणभर थांबली. मग तिनं बादली भरून आणली, जुन्या रंगाची भुकटी नाकात जाऊ नये म्हणून आईच्या तोंडावर स्वतःच्या हातानं मास्क बांधला आणि बाजूला झाली.

दोन सकाळी त्या घासत होत्या. ठोकळा निजलेला, हात हलका, दर चार घासांनी ओल्या फडक्यानं पुसायचं. खळग्याची कड हळूहळू पसरट होत गेली आणि दोऱ्याएवढा हिरवा रुंद व्हायला लागला. दुसऱ्या दिवशी दहाच्या सुमाराला त्यात एक रेघ दिसली. मग आणखी एक. तळाचा हिरवा काळपट, मधला पिवळट, वरचा खरा.

सासरे खुर्ची घेऊन परत आले होते. आता त्यांनी खुर्ची सोडली, गुडघ्यांवर बसले आणि नाक भिंतीला लागेल इतके जवळ गेले.

“मधला पिवळट का?” त्यांनी विचारलं. परीक्षा घेतात तसं.

“वॉर्डात उजेड नव्हता. तिन्ही हात एकाच रंगाचे दिले असते तर कुठे लागला आणि कुठे राहिला, कळलं नसतं. म्हणून खालच्याला थेंबभर काळा टाकला, मधल्याला पिवळा.”

“हे मी शिकवलं नव्हतं तुला.”

“नाही.”

“मग मला का नाही सांगितलंस?”

“तुम्ही शिकला असतात.”

बायको फडकं पिळायच्या निमित्तानं पाठमोरी झाली. तिचे खांदे हलत होते. माझे हात खिशातच होते, म्हणून टाळी वाजायची राहिली.

सासऱ्यांनी मग निळ्याच्या कडेला नख लावलं. बोटभर पट्ट्याचा जाड निळा, टवका होऊन हातात आला. हिरव्याला लावलं. नख सरकलं, हिरवा हलला नाही. “ओढून लावलाय,” ते कुणालाच न म्हणता म्हणाले. “पातळ पातळ, ओढून. जाड थापायला काय, कुणीही थापेल.” आणि मग लेकीकडे वळून, “आर्टिस्ट, तू मशीन वापरायला नको होतंस.” पण या वेळी त्या शब्दात खवटपणा नव्हता. मी तारीख लिहून ठेवली आहे.

ठरल्या दिवशी काम भिंतीवर चढलं. नव्या इमारतीला अजून ओल्या चुन्याचा वास होता. समोरच्या जिन्याच्या खालच्या पायरीवर चार परिचारिका उभ्या राहून एक्सरेच्या गोधडीत कुणाची कवटी सापडते का, हे शोधत होत्या. साहेब आले, मधोमध पाहिलं आणि थबकले.

“अरे, हा हिरवा असा रुंद कसा झाला?”

“मोजा, साहेब,” सासरे म्हणाले.

साहेबांनी वाकून मोजलं. चष्मा लावून पुन्हा मोजलं. “तीन.”

“त्या दिवशी माझी चूक होती,” बायको म्हणाली. “मी घाईनं कापलं होतं. रंगाची चूक नव्हती.”

“कमाल आहे. तीन हात, आणि एवढ्याशा जाडीत! साठ वर्षांच्या रंगांत हाच एक कुठे उखडला नाही, बघा. कुणाचं काम हे?”

सासऱ्यांनी तोंड उघडलं. त्या तोंडाला एकच उत्तर पाठ होतं, मी ते अकरा वर्षं ऐकलं होतं. ते उत्तर ओठांपर्यंत आलेलं मला दिसलं. मग त्यांनी हात लांब केला.

“हिचं.”

साहेबांनी हाताच्या दिशेनं पाहिलं. सासूबाईंवरून त्यांची नजर सरळ माझ्यावर आली, कारण मी सासूबाईंच्या मागे उभा होतो आणि ‘हिचं’ साहेबांच्या कानावरून गेलं होतं. त्यांनी पुढे येऊन माझा हात दाबला. “वा, वा!”

“त्यांना ब्रश धरता येत नाही!” सासरे कडाडले. आठवडाभर दाबून ठेवलेला आवाज सगळ्या इमारतीत घुमला. परिचारिका वळल्या. “हिचं म्हणतोय मी. माझ्या बायकोचं. अकरा दिवस, आत, बाळंतिणींच्या खाटा सरकवून. मी त्या वॉर्डात पाऊलही ठेवलेलं नाही.”

साहेबांनी माझा हात सोडला आणि सासूबाईंना नमस्कार केला. सासूबाईंनी मान किंचित हलवली. आजवर हे लोक कुठे होते, अशा आविर्भावात.

बायकोनं भिंतीवर लावायचं कार्ड काढलं. त्यावर तिचं नाव होतं आणि खाली साहित्य. तिनं पेनचं टोपण दातांनी काढलं. “आई, सांग. काय लिहू?”

“लिही, बाळंतिणींचा वॉर्ड, हिरवा, तीन हात. माझं नाव.”

बायकोनं लिहिलं.

“आणि वरच्या मजल्याच्या खिडक्या.”

“खिडक्या माझ्या!” सासरे म्हणाले.

“पूर्वेकडच्या तुमच्या. पश्चिमेकडच्या माझ्या.”

“पश्चिमेकडच्याही मीच...” ते थांबले. आठवायला लागले. “त्या वर्षी माझा खांदा धरला होता.”

“धरला होता ना.”

“मग जिना?”

“जिना तुमचा,” सासूबाई उदारपणे म्हणाल्या. “कठडा सोडून.”

साहेब काम चढवायला आणलेल्या शिडीच्या खालच्या पायरीवर बसले. बायकोनं कार्ड उलटलं, कारण पुढची बाजू भरली होती, आणि म्हणाली, “हळू सांग, आई.”