पाठमोरी

“ह्यातही पाठच आहे, बाबा!”

नंदकुमारने खाटेखालून आणखी एक चित्र ओढून जमिनीवर ठेवलं. वामन मास्तर भिंतीला टेकून बसले होते. समोर जलरंगातली खेडी पसरली होती: धूलकोटचा पाणवठा, केळीच्या बागा, तापीकडे उतरणारी वाट. प्रत्येक चित्रात एक बाई होती. कधी डोक्यावर घागर, कधी चाऱ्याचा भारा, पण तोंड मात्र पलीकडे. त्या सगळ्या म्हणजे त्यांची बायको मालतीच. कालच तिचं तेरावं झालं होतं.

तिचा फोटो घरात नव्हता. काढायचं दोनदा ठरलं, दोनदा राहिलं. नंदकुमारला आज संध्याकाळच्या गाडीने नागपूरला परतायचं होतं. नुकतीच राज्यं नव्याने आखली गेली होती. त्याची नागपूरची कचेरी मुंबई राज्यात गेली आणि हे बुऱ्हाणपूर इकडे मध्य प्रदेशातच राहिलं. पुन्हा कधी येणं होईल, सांगता येत नव्हतं. जाताना आईची तसबीर त्याला हवी होती.

“एकदाही समोरून काढावंसं वाटलं नाही?”

मास्तर चित्रांच्या कडा सरळ करू लागले. सिंधीपुऱ्यातल्या शाळेत त्यांनी उभी हयात चित्रकला शिकवली. झाडं, बैल, चुलीचा धूर, सगळं हाताला यायचं. माणसाचा चेहरा मात्र येत नसे, आणि हे त्यांनी बायकोला कधी सांगितलं नाही. ती रिकामी घागर घेऊन अंगणात उभी राहायची आणि चिडवायची, “वर्गातली उनाड पोरं भिंतीकडं तोंड करून उभी करता ना, तसंच मलाही करता. मी हो काय गुन्हा केला?”

“पुढच्या चित्रात समोरून,” ते म्हणायचे.

“मग आत्ता काढा, बाबा,” नंदकुमार म्हणाला. “मी समोर बसतो. माझं नाक आईचंच आहे ना?”

मास्तरांनी कागद ओला केला. कपाळ उतरलं, भुवया आल्या, ओठही आले. तेवढ्यात शेजारच्या सोजरबाई प्रवासासाठी दशम्या घेऊन आल्या. मालतीचं आणि त्यांचं रोजचं बसणं-उठणं. त्या कागदाकडे बघत राहिल्या.

“चांगली काढली हो, मास्तर. पन कोन आहे ही?”

नंदकुमारने मान खाली घातली. मास्तरांनी कुंचला ठेवून दिला.

“माझ्याच्यानं होत नाही रे, नंदू. कधीच होत नव्हतं. तिला वाटायचं मी मुद्दामच...”

सोजरबाई पाणवठ्याच्या चित्रापाशी टेकल्या.

“हेच द्या ना त्याले. ही खरी मालती. मान कशी डावीकडं टाकली बघा! मागून किती हाका मारा, वळायची नाही. म्हने, घागर पडंल.” त्या हसल्या आणि पदराने डोळे पुसले.

नंदकुमारने चित्र उचललं आणि तो थबकला. “काकी, आई सवाष्ण गेली. तसबिरीला कुंकू लावायचं तर कपाळच नाही. कुठं लावू?”

“पायावर लाव. पाय तर असतील?”

तिघंही वाकले. पाय नव्हते. मास्तरांना पावलंही जमत नसत. म्हणून ते चित्रातल्या बाईला नेहमी गवतात उभी करीत.

त्यांनी कुंचला स्वच्छ पाण्यात बुडवला. लुगड्याच्या काठाखालचं गवत ओलं केलं, धोतराच्या सोग्याने टिपलं. पुन्हा ओलं केलं, पुन्हा टिपलं. हिरवा रंग थोडाथोडा निघून खालचा कागद उघडा पडू लागला. ना बोटं, ना घोटे. दोन फिकट ठिपके, एक जमिनीवर, एक किंचित उचललेला.

“बाबूजी, गाडी छूट जाएगी!” दारातून टांगेवाला ओरडला.

“रुको जरा!” नंदकुमारने आतूनच सांगितलं.

सोजरबाईंनी देवापुढची कुंकवाची कोयरी आणून उघडली, तसा मास्तरांनी हात आडवा धरला.

“ओलं आहे अजून.”

आणि ते कागदावर ओणवे होऊन त्या पावलांवर हलके हलके फुंकर घालत राहिले.