परत न आलेला हुकूम

या संग्रहालयात येणारी मुले मला आधी तोफ समजतात, मग नळाचा तुकडा. दोन्ही नाही, मित्रांनो. मी लढाऊ जहाजावरची एक जुनी पितळी बोलनळी आहे. माझे वरचे तोंड ब्रिजवर, म्हणजे कप्तान जिथून जहाज चालवतो तिथे होते आणि खालचे इंजिनखोलीत. वरच्याने फुंकर मारली की खाली शिट्टी वाजायची, मग दोघे बोलायचे.

तांबटाने मला भट्टीत तापवले, वाकवले आणि मनसोक्त बडवले. टाकीचे घाव सोसल्याशिवाय देवपण येत नाही म्हणतात. मला देवपण नाही मिळाले, कंठ मिळाला. माझ्याजवळ एक नियम कडक पाळला जाई. वरून आलेला हुकूम खालच्याने शब्दन् शब्द परत बोलायचा आणि मगच हात हलवायचा. परत न बोललेला हुकूम हा हुकूमच नव्हे.

माझ्या उमेदीच्या वर्षांत जहाजावर एक तरुण अधिकारी आला. बाळाचे पाय पाळण्यात दिसतात, तसे याचे ब्रिजवर दिसले. हा पुढे अ‍ॅडमिरल होणार, असे कप्तानही म्हणत. पण स्वभाव असा की नाकावर माशी बसू द्यायचा नाही. खलाशांनी त्याचे नाव मिरचीसाहेब ठेवले होते. एका खलाशाने हुकूम अर्धाच परत सांगितला, तेव्हा साहेबाने खाली जाऊन त्याचा ओठ फोडला आणि रक्त गळत असतानाच त्याच्याकडून पूर्ण हुकूम वदवून घेतला. त्याचा राग मला अजूनही आहे. इंजिनखोलीचे प्रमुख आप्पा मात्र वयाने वडील आणि कामाला चोख. त्यांना साहेबही अहोजाहो करायचा.

मग युद्ध आले. एका लढाईत तोफगोळा ब्रिजवरच फुटला. काचा कप्तानाच्या गळ्यात घुसल्या आणि ते माझ्यावर कोसळले. त्यांचे गरम रक्त माझ्या तोंडातून खाली ओघळले. साहेबाने त्यांना बाजूला ओढले, दुसरे करणार काय, आणि जहाज आपल्या हाती घेतले. तेवढ्यात टॉर्पेडोने पुढच्या बॉयलरखोलीची भिंत फाडली. समुद्र आत घुसला, वाफेचे नळ फुटले, आणि तिथली माणसे एकीकडून भाजू लागली, एकीकडून बुडू लागली. जहाज कलले. त्या खोलीचे लोखंडी दार इंजिनखोलीच्या बाजूने बंद झाले नसते, तर सगळेच तळाला गेले असते.

साहेबाने फुंकर मारली. "आप्पा, पुढच्या खोलीचं दार बंद करा."

उत्तर आले नाही. माझ्यातून वर आल्या त्या किंकाळ्या. आप्पांचा आवाजही येत होता, पण तो साहेबासाठी नव्हता. हात दे, सोड त्याला, तू ये, असे ओरडत ते एकेकाला दारातून ओढून काढत होते. हुकूम मात्र परत बोलत नव्हते.

साहेबाने तोच हुकूम पुन्हा दिला. जहाज उलटत चाललेय, असे सुकाणूवाला सांगू लागला. साहेबाचा हात पिस्तुलावर गेला. आप्पांना गोळी घालून दार लावा, असे सांगून पहारेकऱ्यांना खाली धाडणे त्याला अवघड नव्हते. हात तिथेच राहिला. मग त्याने कुठल्याच नियमात न बसणारा प्रश्न विचारला.

"किती राहिले?"

"दोन."

साहेबाने माझी कड घट्ट धरली. "आप्पा, आता बंद करा."

"पुढच्या खोलीचं दार बंद करतोय, साहेब."

दार लागले. आतल्या दोघांनी ते ठोठावले, आणि ते ठोके लोखंडातून माझ्यात आणि माझ्यातून वर साहेबाच्या कानात गेले. त्याने कान काढून घेतला नाही. ठोके थांबले तेव्हा जहाज तरंगत होते. पण उशिरामुळे इतके पाणी शिरले होते की पुढच्या तोफा बुडाल्या आणि शत्रू निसटला.

चौकशी होणार हे उघड होते, आणि लढाईत हुकूम अडवणाऱ्याला गोळी घालत. बंदर दिसू लागले तेव्हा साहेब घण घेऊन माझ्यासमोर उभा राहिला. सुकाणूवाल्याने ते पाहिले आणि समुद्राकडे तोंड फिरवले. साहेबाने माझ्या गळ्यावर घावामागून घाव घातले. पितळ आत दबले, सांधा फाटला. फार दुखले, मित्रांनो. चौकशीत त्याने सांगितले की नळी गोळ्याने फुटली, म्हणून हुकूम खाली पोहोचायला वेळ लागला.

आप्पा सुटले. साहेब कप्तान झाला, आणखी लढाया लढला, पुढे खरोखरच अ‍ॅडमिरल झाला. त्याचा हात पुन्हा कुणावर उठला नाही, असे सांगायला मला आवडले असते. पण मिरची ती मिरचीच. माझी रवानगी आधी भंगारात झाली, मग इथे. शेजारच्या पाटीवर लिहिले आहे की ही नळी ऐन लढाईत निकामी झाली. मला घडवणारा तांबट आठवला की ती पाटी माझ्याने वाचवत नाही.

म्हातारा अ‍ॅडमिरल एकदा इथे आला होता. संग्रहालयाच्या बाईंनी त्याला कौतुकाने सांगितले की नळीचा पोचा ठोकून काढायचा आहे. तो म्हणाला, "बाई, तो राहू द्या." मग निघताना माझ्या तोंडाशी वाकून त्याने मला एक गोष्ट सांगितली. आता तो नाही, आणि पोचा काढायला हातोडीवाला यायचा आहे.

म्हणून सांगते, मित्रांनो. जुन्या वस्तू जपा, पुसा, लखलखीत ठेवा. पण पोचा काढण्याआधी तो कसा पडला ते विचारा. अ‍ॅडमिरलने मला सांगितले ते हे: दाराआड राहिलेल्या त्या दोघांतला एक आप्पांचा भाचा होता. माझ्या पोच्यामुळे आप्पा जिवंत घरी गेले, बहिणीच्या समोर उभे राहिले, आणि तिच्या मुलावर दार आपणच लावले हे त्यांनी तिला स्वतःच्या तोंडाने सांगितले.