मुचकुंदी नावाची कळशी

मी एक जुनी पितळी कळशी आहे. वय सत्तरीच्या पुढचं. काठ एका जागी चेपलेला, बुडाला दोन ठिकाणी कथलाचे डाग देऊन भोकं बुजवलेली. तरीही, मित्रांनो, माझ्यातून पाण्याचा एक थेंब गळत नाही. हे आधीच सांगून ठेवते, कारण मला पाहिलं की लोकांचा पहिला प्रश्न असतो, मोडीत किती किलो भरेल? मी मोडीत जाणार नाही. का नाही, ते ऐका.

माझ्या खांद्यावर टिंबाटिंबांनी एक नाव घातलेलं आहे. तुमच्या घरातली जुनी भांडी उलटसुलट करून पाहा, कुणाचं तरी नाव सापडेल. पणजीचं असेल, नाहीतर लग्नात आहेर केलेल्या एखाद्या मामाचं. माझ्यावरचं नाव माणसाचं नाही, नदीचं आहे. मुचकुंदी.

ही नदी कोकणातली. माचाळच्या डोंगरातून निघते आणि पूर्णगडाजवळ समुद्राला मिळते. मोठ्या नद्यांच्या यादीत तिला कुणी धरत नाही. तिच्या काठच्या एका गावातले पुरुष गिरणीत काम करायला मुंबईला आले आणि लालबागच्या एका चाळीत, तिसऱ्या मजल्यावर, त्यांनी मिळून एक खोली घेतली. अशा खोलीला गावकीची खोली म्हणत. खोली दहा बाय बारा, माणसं अठ्ठावीस. एक पाळी कामावर गेली की दुसरी तिच्याच पथारीवर पाठ टेकायची. भिंतीला ट्रंका, दोरीवर कपडे, आणि मोरीजवळच्या फळीवर मी.

मला त्यांनी तांबाकाट्याच्या भांडीबाजारातून घेतलं. सहा जण आले होते. दुकानाच्या पायरीवर नाव घालणारा कारागीर छिन्नी घेऊन बसला होता. नाव कुणाचं घालू, असं त्यानं विचारलं आणि सहाही जण एकमेकांकडे बघू लागले. वर्गणी तर सगळ्यांची होती. एकानं देवीचं नाव सुचवलं, पण वरच्या वाडीची देवी वेगळी आणि खालच्या वाडीची वेगळी. आवाज चढले. तुमचं ठरेपर्यंत मी जेवून येतो, असं म्हणून कारागीर उठू लागला. तेव्हा दगडू पुढे झाला. हा गिरणीत साच्यावर, म्हणजे कापड विणायच्या मागावर काम करणारा, सडपातळ आणि कमी बोलणारा माणूस.

"नदीचं घाल," तो म्हणाला. "तिच्यावर कोण हक्क सांगतो, ते बघू."

अशी मी मुचकुंदी झाले.

पुढे खोलीत एक रीत पडली. गावाहून येणाऱ्या प्रत्येकानं बाटलीभर नदीचं पाणी आणायचं आणि माझ्यातल्या नळाच्या पाण्यात ओतायचं. एखादा पोरगा पहिल्यांदा मुंबईत आला, की ट्रंक खाली ठेवण्याआधी त्याच्या हातात माझ्यातलं पेलाभर पाणी दिलं जाई. मग कुणीतरी विचारी, काय रे, नदीची चव लागली का? खरं सांगते, कळशीभर नळाच्या पाण्यात बाटलीभर नदी, चव कसली लागणार? पण प्रत्येक पोरगा हो म्हणायचा. घर सोडून आलेल्या माणसानं एवढं खोटं बोललेलं चालतं. खोलीच्या कबड्डी संघालाही मुचकुंदीचंच नाव होतं. चेंबूरच्या संघाला हरवून आलेली पोरं माझं पाणी डोक्यावर ओतून घेत, तेव्हा मला केवढा तोरा चढायचा!

आता सांगणार आहे ते मात्र तोऱ्याचं नाही. पण जुन्या भांड्यानं नुसती चकाकी दाखवू नये, आतला हिरवा कळंकही दाखवावा.

त्याच गावच्या बौद्धवाडीतले रामदास दगडूच्याच गिरणीत, सूत कातायच्या रिंगखात्यात होते. एका दुपारी ते तीन मजले धावत चढून आले. दगडूचा हात साच्यात सापडला होता आणि त्याला दवाखान्यात नेलं होतं, हे सांगायला. सदरा घामानं चिंब झाला होता. त्यांनी निरोप दिला आणि पाणी मागितलं. मी काठोकाठ भरलेली होते. खोलीत पाच माणसं होती. एकही उठला नाही. त्यांच्यातला एक जण खाली बघत म्हणाला, चाळीच्या टोकाला नळ आहे.

रामदास माझ्याकडे बघत राहिले. त्या खोलीतल्या कुणापेक्षाही त्यांना चांगलं वाचता येत होतं. त्यांनी माझ्यावरची अक्षरं वाचली.

"काळाचौकीला आमच्या खोलीवर हीच पाटी हाय," ते म्हणाले. "मुचकुंदी. तिथं तहानलेल्याला आधी पाणी देतात. वाडी मागनं विचारतात."

आणि नळाकडे न वळता ते तसेच तहानलेले जिना उतरून गेले.

मित्रांनो, त्या अठ्ठावीस माणसांनी नाव घातलं नदीचं आणि वागणूक ठेवली डबक्याची. माझ्यात पाणी होतं, पण मला हात नव्हते, असं मी पुष्कळ वर्षं स्वतःला सांगत आले. तेवढ्यानं समाधान कधी झालं नाही.

मग संप झाला. गिरण्यांचे भोंगे थांबले ते थांबलेच. माणसं ट्रंका घेऊन गावाला परतली. नदीचं पाणी आणणारं कुणी उरलं नाही. मोरीवर प्लास्टिकचा निळा पिंप आला आणि मी पोटमाळ्यावर गेले. माझ्यात आधी तांदूळ ठेवले, मग मोडक्या छत्र्या, शेवटी काहीच नाही. मी काळवंडले. नावसुद्धा दिसेनासं झालं.

खोली मात्र रिकामी राहिली नाही. दगडूची सून सुभद्रा विधवा झाल्यावर ती सांभाळू लागली. आता तिथं गिरणीकामगार येत नव्हते. परळच्या इस्पितळांत उपचार घ्यायला आलेली गावची माणसं येत होती. कुणाची कॅन्सरवरची किरणं, कुणाच्या तपासण्या. सुभद्रा त्यांना पेज करून घाली, केसपेपर कुठल्या खिडकीत मिळतो ते सांगे.

पण गावकीनं फार पूर्वी एक चूक करून ठेवली होती. कळशीवर त्यांनी कुणा एकाचं नाव येऊ दिलं नव्हतं, पण भाडेपावतीवर येऊ दिलं. घरमालकाला एकच नाव हवं होतं, म्हणून विश्वासानं दगडूचं लावलं. त्याच्यामागून मुलाचं लागलं, आणि मुलामागून सुभद्राचं. त्यात काही बिघडलं नव्हतं, चाळीच्या जागी टॉवर होणार असं ठरेपर्यंत. टॉवरमध्ये पावतीवाल्याला घर मिळणार होतं.

सुभद्राचा मुलगा स्वप्नील नालासोपाऱ्याला भाड्यानं राहत होता. तो आला आणि म्हणाला, घर आपल्या नावावर होतंय, मी आणि श्रेया इथंच येऊ, तुलाही जिने चढायला नकोत. स्वप्नील वाईट मुलगा नाही. रोजचे चार तास प्रवासात घालवणाऱ्या माणसाला लालबागचं घर नको का वाटेल? सुभद्रा म्हणाली, आणि पेशंट कुठं जातील?  सही करायची तारीख पंधरा दिवसांवर होती.

त्याच आठवड्यात एक परिचारिका दारात येऊन उभी राहिली. तिनं आपलं नाव संघमित्रा सांगितलं. रामदासांची नात. तिनं उंबरा ओलांडला नाही.

"काकी, माझ्या आजोबांना या खोलीत पाणी मिळालं नव्हतं," ती म्हणाली. "आमच्या वाडीच्या कांतामावशी खाली उभ्या आहेत. सहा आठवडे किरणं घ्यायचीयत, आणि आज चार दिवस त्या इस्पितळाबाहेर फुटपाथवर झोपतायत. नाही म्हणायचं असेल तर आताच म्हणा. त्यांना तीन मजले उगाच चढवणार नाही मी."

काळाचौकीची ती दुसरी मुचकुंदी आता राहिली नव्हती. तिच्याही पावतीवर एकच नाव होतं. त्या घरानं फ्लॅट घेतला आणि वाडीची माणसं रस्त्यावर आली. खोलीची लाकडी पाटी तेवढी संघमित्रानं आपल्याकडे आणून ठेवली होती.

 सुभद्रानं स्टूल ओढलं, त्यावर चढली आणि मला पोटमाळ्यावरून खाली काढलं. चिंच आणि मीठ घेऊन ती मोरीवर बसली. घासता घासता तिच्या बोटांखाली टिंबं आली, टिंबांतून अक्षरं आली.

"तिला वर आण," ती म्हणाली. "पाणी भरतेय मी."

कांतामावशी धापा टाकत आल्या. बसल्यावर त्यांनी पिशवीतून एक बाटली काढली आणि तशीच हातात धरून ठेवली. गावाहून नदीचं पाणी आणायचं, ही रीत त्यांच्याही खोलीत होती. या खोलीला ते माहीत नव्हतं, त्या खोलीला हे माहीत नव्हतं.

"खोलीच ऱ्हायली नाय," त्या म्हणाल्या. "मग हे वतू कुठं?"

सुभद्रानं मला त्यांच्यापुढे सरकवलं. किती वर्षांनी माझ्यात नदी पडली! पहिला पेला कांतामावशी प्यायल्या. त्याच पेल्यानं मग सुभद्रा प्यायली. संघमित्रा उंबरा ओलांडून आत आली, ती त्यानंतर.

बातमी गावात पोचायला एक दिवस लागला. गावकीच्या एका पुढाऱ्याचा फोन आला. खोलीचे काही नियम आहेत, वाडीवाडीच्या काही मर्यादा आहेत, असं तो बराच वेळ सांगत होता. सुभद्रानं भाजी चिरता चिरता सगळं ऐकून घेतलं.

"नियम तुमच्याकडं ठेवा," ती म्हणाली. "कळशी माझ्याकडं हाय."

सहीच्या दिवशी तळमजल्यावर बिल्डरचा माणूस टेबल टाकून बसला होता. चाळकरी रांगेत उभे होते. स्वप्नील फॉर्म भरून तयारीत. सुभद्रा मला कमरेवर घेऊन तिन्ही मजले उतरली आणि थेट त्या टेबलावर, कागदांच्या मधोमध, तिनं मला ठेवलं. रांगेतलं कुणीतरी हसलं, म्हणालं, काकी, टॉवरला चोवीस तास पाणी आहे, आतापासून भरून ठेवू नका.

तिनं तिकडे लक्ष दिलं नाही. "वाच," ती मुलाला म्हणाली.

"आई, लोक बघतायत."

"बघू दे. वाच."

स्वप्नीलनं वाचलं. "मुचकुंदी."

"यात दगडू कुठं लिवलाय? सुभद्रा कुठं लिवलीय?"

 तिनं फॉर्म ओढून घेतला. त्याच्यावरचं आपलं नाव खोडलं आणि वर हळूहळू, एकेक अक्षर ठसवत लिहिलं: मुचकुंदी. बिल्डरचा माणूस समजुतीनं म्हणाला की इथं माणसाचं नाव लागतं, नदीचं चालत नाही, असा फॉर्म परत येईल.

"येऊ दे," सुभद्रा म्हणाली. "आम्ही हितंच हाय."

फॉर्म परत आला, एकदा नव्हे, तीनदा. बाकीची चाळ रिकामी झाली, दारंखिडक्या निघाल्या, दिवे गेले. तिसऱ्या मजल्यावर एकच खोली उघडी राहिली. आम्ही तिथं होतो. कांतामावशींची किरणं पूर्ण झाली, त्यांच्या जागी दुसरं कुणी आलं. संघमित्रानं ड्यूटी सांभाळून दोन्ही वाड्यांची माणसं एकत्र केली, रीतसर मंडळ नोंदवलं. अध्यक्ष सुभद्रा, चिटणीस ती स्वतः. चौथ्या वेळी फॉर्म मंडळाच्या नावानं गेला. तो परत आला नाही. पावतीवाल्याच्या जागी आता कुणा माणसाचं नाव नाही.

टॉवर पुरा होईपर्यंत राहायला दुसरीकडे खोली मिळाली. हलायच्या दिवशी सकाळी स्वप्नील आला. कित्येक महिन्यांत तो आला नव्हता. सुभद्रा मला उचलायला वाकली, तर त्यानं तिचा हात बाजूला केला.

"मला अजून पटलेलं नाहीये," तो म्हणाला. "पण तू नको उचलू. कंबर धरेल तुझी."

आणि मला खांद्यावर घेऊन तो जिना उतरला. रामदास तहानलेले उतरले होते, तोच हा जिना.

आता मी नव्या खोलीच्या दाराशी असते. माझ्यावर, भिंतीला, काळाचौकीची ती लाकडी पाटी ठोकली आहे. दोघींचं नाव एकच, आणि आम्हाला एका दारात यायला सत्तर वर्षं लागली.

म्हणून सांगते, मित्रांनो, घरातलं जुनं भांडं मोडीत घालण्याआधी एकदा घासून बघा, त्यावर काय लिहिलंय ते वाचा, आणि वाचाल तसं वागा. आम्हाला फडताळात मिरवू नका, वापरात ठेवा. पाणी भरा. आणि दारात कुणी तहानलेलं आलं, तर त्याला नळाची वाट दाखवू नका. तसं कुणी करू लागलं, तर मी इथंच आहे. काठ चेपलेला असला तरी माझं नाव अजून स्वच्छ वाचता येतं.