पट्टा आवळला की आकडा चढतो

मी रक्तदाब मोजायचं यंत्र बोलतोय. घरात मला बीपीचं मशीन म्हणतात. माझ्यावर लगेच विश्वास ठेवू नका. माझ्या मालकांनी कधी ठेवला नाही, आणि आता माझी मलाही खात्री वाटत नाही.

कारखान्यात मला तपासून 'ठीक' असा शिक्का मारला. शिक्का मारणाऱ्या बाई तेव्हा शेजारणीशी गप्पा मारत होत्या. तेव्हापासून माझ्या मनात पाल चुकचुकते.

मला विकत घेतलं सरांनी. त्यांनी हयातभर संख्याशास्त्र शिकवलं. एकदा जेवताना त्यांची छाती धडधडली, घाम फुटला, आता संपलं असं वाटलं. हृदयाच्या डॉक्टरांनी सगळ्या तपासण्या केल्या आणि म्हणाले, "हृदय ठणठणीत आहे, सर. ही चिंता आहे. मनोविकारतज्ज्ञांना भेटा."

"काहीतरी लपवताहेत," असं पुटपुटत सर थेट औषधांच्या दुकानात शिरले.

"एका आकड्यावरून निष्कर्ष काढत नसतात," असं म्हणून ते पुन्हा पुन्हा पट्टा बांधत. पट्टा आवळला की श्वास अडके, आकडा चढे. चढला म्हणून परत मोजणं. जितके आकडे जास्त तितकं सत्य जवळ, हे त्यांच्या शास्त्रात खरं असेल. इथे मोजणंच भीतीला खतपाणी घालत होतं. की माझंच काही चुकत होतं? कोण जाणे.

लेक दुसऱ्या गावी. तिला मुलगी झाली. "बाबा, नातीला बघायला कधी येताय?" ती फोनवर विचारी. "बघू," सर म्हणत. वाटेत मोठं इस्पितळ नाही, हे त्यांनी नकाशात आधीच पाहून ठेवलं होतं.

एके सकाळी मी सुरूच होईना.

"अगं, मशीन बंद आहे!"

"सेल मी काढलेत. भिंतीवरच्या घड्याळाला घातले," मालकीणबाई स्वयंपाकघरातून म्हणाल्या.

"म्हणजे माझे आकडे वाईट आहेत. तुम्ही सगळे मिळून लपवताय!"

"अहो, वाईट असते तर मी घड्याळं चालू करत बसले असते का?" त्या बाहेर आल्या. "मला तुमच्या बीपीची नाही, तुमच्या भीतीची भीती वाटते. नात रांगायला लागेल तरी तुम्ही 'बघू'च म्हणत बसाल. एकदा त्या मनोविकारतज्ज्ञांकडे चला. न तपासताच 'नाही' म्हणायला कुठल्या शास्त्रात शिकवतात?"

सर उठले. मग सेल परत घालून घेतले आणि साक्षीदार म्हणून मला पिशवीत टाकून निघाले.

मनोविकारतज्ज्ञ बाई तरुण होत्या. मला त्यांचा संशयच आला, सरांनाही.

"मला वेडा ठरवणार आहात का?"

"नाही हो. राखणीचा कुत्रा पोस्टमनवरही भुंकतो ना, तसं झालंय. भुंकणं खरं, चोर खोटा. कुत्र्याला हाकलायचं नाही, शिकवायचं."

त्यांनी गोळी लिहून दिली, दर आठवड्याला बोलायला बोलावलं, आणि आठवड्यातून एकदाच मोजायचं, तेही मालकीणबाईंनी, असं बजावलं.

"आणि मधेच पट्टा बांधावासा वाटला तर?"

"थांबून बघा. भीती चढते तशी उतरते. तुम्ही तिला उतरताना कधी पाहिलंच नाही."

लगेच काही पालटलं नाही. सर माझ्याजवळ येत, पट्टा हातात घेत, खाली ठेवत. कधी हरत, बांधत. दुसऱ्या आठवड्यात तर डॉक्टरबाईंकडे जाणंच बंद करणार होते. मालकीणबाईंनी चप्पल पुढ्यात आणून ठेवली.

आज मात्र नातीकडे जायला बॅगा भरल्या. सरांनी मला बॅगेत घातलं, बाहेर काढलं, पुन्हा घातलं.

"अहो, गाडी आलीय!"

सरांच्या कपाळावर घाम होता. त्यांनी मला काढून टेबलावर ठेवलं आणि तसेच, घामासकट, निघाले.

तुमच्या घरी माझा भाऊबंद असेल, तर डॉक्टर सांगतील तेवढाच वापरा. मी रक्ताचा दाब सांगतो. भीती मला कळत नाही. ती ज्यांना कळते त्यांच्याकडे जा. संशय येत असला तरी जा, संशय सोबत घेऊन.

आता वाटेत त्यांची छाती धडधडत असेल का? मला राहून राहून वाटतं, विचारावं. पण विचारायला पट्ट्यात त्यांचा दंड नाही.

थांबून बघतो. चढते तशी उतरते म्हणे.